घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकू का? – तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गणपतीला गावी जायच्या आधी दरवर्षी हेच प्रश्न येतात, म्हणून सगळ्यांना एकदमच उत्तर देतोय.

अरुंद घाटात समोरासमोर गाड्या आल्या तर आधी कोणी जायचं?
चढणाऱ्याने. उतरणाऱ्याने कडेला थांबायचं, नियमच आहे तसा.

टायरात नायट्रोजन भरला की घाटात ग्रिप वाढते असं दुकानदार म्हणाला, भरू का?
साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. ग्रिप टायरच्या नक्षीवर असते, तिची खोली १.६ मिमीच्या खाली गेली की टायर बाद, आणि पावसात तर त्याच्या बरंच आधी बदला. टायरवाल्याकडून नक्षी मोजून घ्या, पैसे तिथे घाला.

काका सांगतात उतारावर न्यूट्रल केली की पेट्रोल वाचतं. खरं का?
अजिबात नाही, आणि हे ऐकून ऐकून खरंच जीव घाबरा होतो. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या (म्हणजे इंजिनात पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो अशा) गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनला पेट्रोल जाणंच बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात, उलट न्यूट्रलला इंजिन चालू राहायला पेट्रोल लागतं. म्हणजे वाचलं काहीच नाही, वर गाडी धरून ठेवणारं इंजिन सुटलं आणि सगळा भार ब्रेकवर. ब्रेक दाबूनच ठेवला की तापतो, करपल्याचा वास येतो, पुढे ब्रेक ऑइल उकळून त्यात बुडबुडे होतात, ऑइल दाबलं जात नाही पण बुडबुडे दाबले जातात, म्हणून पेडल सरळ खाली जातं. कुंभार्ली घाटात चिपळूणकडे उतरताना एक गाडी कडेला दिसली, पुढच्या चाकातून धूर येत होता आणि ड्रायव्हर बाटलीतलं पाणी ओतायला निघाला होता, मी हात धरला, कारण तापलेली डिस्क पाण्याने वाकते, तडकतेसुद्धा. अर्धा तास गाडी तशीच उभी ठेवली आणि मग मेकॅनिकला बोलावलं. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, लागला तर पहिला टाका, ब्रेक दाबा आणि सोडा. इंजिन बंद करून तर कधीच उतरू नका, ब्रेकला इंजिनची मदत मिळत नाही आणि दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट होतं.

आमची ऑटोमॅटिक आहे, मग?
गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवणारा एल, २ किंवा मॅन्युअल मोड, जे असेल ते. गाडीचं पुस्तक वाचा, नाही कळलं तर निघायच्या आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

पेडल थोडं खाली जातंय, गावाहून आल्यावर दाखवलं तर चालेल?
नाही. आजच दाखवा. ब्रेक ऑइल ओल धरतं, डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) नवं असताना २३० अंशाच्या आत उकळत नाही, ओल शिरली की हीच हद्द १५५ पर्यंत उतरते. शेवटचं कधी बदललं हे आठवत नसेल तर बदलायची वेळ कधीच होऊन गेलीय. टॉप-अप करून देतो म्हणणाऱ्याला ऐकू नका, पॅड, पाईप आणि लीकेज तपासायला सांगा.

धुक्यात हाय बीम लावू का?
नको, धुक्यावर उजेड आपटून आपल्याच डोळ्यावर येतो. लो बीम आणि फॉग लॅम्प लावा. आणि चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, तुम्ही कुठे वळताय ते मागच्याला कळत नाही.

मुलीला घाटात उलट्या होतात, कोणती गोळी देऊ?
डॉक्टरांना विचारा, वयाप्रमाणे डोस बदलतो. आणि तीच गोळी गाडी चालवणाऱ्याने अजिबात घेऊ नये, झोप येते.