अमेरिकेत आईचे फूड स्टॅम्प बंद होणार अशी नोटीस आली आहे. अपील करून काही उपयोग होतो का?

होतो. आजच करा. फेअर हिअरिंग, म्हणजे अपिलाची सुनावणी, मागायला स्नॅपमध्ये (फूड स्टॅम्पचं, म्हणजे अन्नासाठीच्या सरकारी मदतीचं, आताचं नाव) ९० दिवस असतात, पण त्या भरवशावर राहू नका. नोटिशीत मदत कोणत्या तारखेपासून थांबणार ते लिहिलेलं असतं. त्याआधी, म्हणजे बहुतेकदा १० दिवसांच्या आत, मागणी केली आणि सर्टिफिकेशनचा काळ (मदत जितक्या महिन्यांसाठी मंजूर झाली आहे तो) संपलेला नसेल, तर निकालापर्यंत मदत चालू ठेवता येते. निकाल विरोधात गेला तर ती रक्कम परत मागतात, हेही आईंना आधीच सांगा.

मागणी फोनवरही करता येते. मी तरी लेखी देऊन पोच घेते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुनावणीआधी केस फाइल बघायला मागा, तो तुमचा हक्क आहे. माझ्या सासूबाईंच्या फाइलमध्ये दोन महिन्यांपूर्वी सुटलेल्या नोकरीचा पगार अजून उत्पन्न म्हणून धरलेला होता. शेवटची पे स्टब (पगाराची पावती) आणि मालकाचं दोन ओळींचं पत्र, एवढ्यावर निकाल आमच्या बाजूने लागला.

आईंना इंग्रजी जड जात असेल तर मागणी करतानाच मराठी दुभाषा हवा असं सांगा. सोबत तुम्ही बसू शकता. गावातल्या लीगल एड ऑफिसलाही फोन करा, तिथे अशा केसेस फुकट घेतात.