अमेरिकेला निघताना फोन: आधी आयएमईआय तपासा, मग पैसे खर्च करा

तुम्ही विचारलंय की ऑगस्टमध्ये एमएससाठी पुण्याहून डॅलसला निघायचंय, हातात रिअलमीचा दीड वर्ष वापरलेला फाइव्ह-जी फोन आहे. तो तिथे चालेल का, की इथूनच आयफोन घेऊन जावा, की तिथे पोहोचल्यावर बघावं?

आधी 'चालेल' म्हणजे काय ते ठरवू, कारण घोळ तिथेच होतो. नवं सिम टाकलं, नेट सुरू झालं, घरच्या ग्रुपवर 'पोहोचलो' असा मेसेज गेला, की फोन चालला असं वाटतं. खरी परीक्षा साध्या कॉलची असते. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी थ्री-जी बंद केलंय: एटी अँड टीने २२ फेब्रुवारी २०२२ ला, टी-मोबाइलने त्याच वर्षी जुलैत आणि व्हेरायझनने ३१ डिसेंबर २०२२ ला. त्यामुळे कॉल आता मुख्यतः फोर-जीवरून, म्हणजे व्हीओएलटीईने जातात. तुमच्या फोनवर जिओचं व्हीओएलटीई छान चालत असेल, पण त्यावरून अमेरिकेतलं काही सांगता येत नाही. प्रत्येक नेटवर्कचं कॉलसाठीचं सेटिंग उत्पादकाने फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी भरलेलं असावं लागतं, आणि रिअलमी, विवो, ओप्पो, शाओमी हे फोन अमेरिकेत अधिकृतपणे विकलेच जात नाहीत. मग होतं असं, की नेट धावतं, पण नंबर लावला की कॉल लगेच तुटतो. ९११ या आपत्कालीन नंबरला केलेल्या कॉलचाही भरवसा राहत नाही. घरमालक, बँक, डॉक्टर या सगळ्यांशी पहिल्या महिन्यात साध्या कॉलवरच बोलावं लागतं, म्हणून हे किरकोळ समजू नका.

एटी अँड टीचा नियम याहून कडक आहे. त्यांच्याकडे मंजूर मॉडेलांची यादी असते आणि यादीबाहेरच्या फोनला, सगळे बँड (सिग्नलच्या वारंवारितेचे पट्टे) जुळत असले तरी, नेटवर्क नाकारलं जाऊ शकतं. क्रिकेट ही स्वस्त सेवा त्यांच्याच नेटवर्कवर चालते, त्यामुळे तिलाही हेच लागू. मिंट टी-मोबाइलवर चालते, व्हिजिबल व्हेरायझनवर. स्वस्त प्लॅन निवडताना त्यामागचं नेटवर्क कुणाचं हे आधी बघा.

आता तपासणी. डायलरवर *#०६# दाबा, १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसेल. दोन सिमच्या फोनला दोन असतात. ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच उतरवायचं सिम) वापरणार असाल तर त्याच्यासमोरचा आयएमईआय घ्या. ज्या कंपनीचं सिम घेणार तिच्या वेबसाइटवर स्वतःचा फोन आणणाऱ्यांसाठी पान असतं, तिथे तो आकडा टाका. नवा फोन घेणार असाल तर ही तपासणी पैसे देण्याआधी दुकानातच करा: बॉक्सच्या मागच्या स्टिकरवर आयएमईआय छापलेला असतो. त्याचे पहिले आठ आकडे मॉडेल सांगतात, म्हणून काउंटरवरच्या डेमो पीसवरूनही अंदाज येतो, फक्त तो पीस आणि बॉक्स एकाच मॉडेल क्रमांकाचे हवेत. 'हाच फोन अमेरिकेत मिळतो' हे विक्रेत्याचं म्हणणं अर्धंच खरं असतं. नाव तेच, आतलं हार्डवेअर वेगळं. सॅमसंगच्या अमेरिकेतल्या अनलॉक्ड (कोणत्याही कंपनीचं सिम चालणाऱ्या) फोनच्या मॉडेल क्रमांकाच्या शेवटी 'यू१' असतं, भारतातल्याच्या शेवटी सहसा 'बी' किंवा 'ई'.

मग बँड. भारतात फोर-जी मुख्यतः १, ३, ५, ८, ४० आणि ४१ या बँडवर चालतं. अमेरिकेत २, ४, ५, १२, १३, ६६ आणि ७१ महत्त्वाचे. म्हणजे भारतातल्या स्वस्त फोनचे फार थोडे बँड तिकडे कामाला येतात. टी-मोबाइलला १२ आणि ७१, व्हेरायझनला १३, एटी अँड टीला १२ आणि १४ हे खालच्या वारंवारितेचे बँड लागतात. भिंतीतून आत शिरणारे आणि लांब पोहोचणारे सिग्नल तेच. ते नसले तर फोन रस्त्यावर चार दांड्या दाखवतो आणि बेसमेंटमधल्या खोलीत गेलं की 'नो सर्व्हिस'. डॅलसहून ह्यूस्टनला गाडीने निघालात तर मधल्या मोकळ्या पट्ट्यातही तीच गत.

फाइव्ह-जीमध्ये आणखी एक खोच आहे. भारतातला एन७८ हा बँड ३३०० ते ३८०० मेगाहर्ट्झचा. अमेरिकेतला सी-बँड ३७०० ते ३९८० चा आणि तिथे तो एन७७ म्हणून चालतो. डब्यावर फक्त एन७८ लिहिलेलं असेल तर व्हेरायझन आणि एटी अँड टीचं वेगवान फाइव्ह-जी धरून चालू नका. टी-मोबाइलसाठी एन४१ आणि एन७१ बघा.

हे सगळं जुळलं तरी निर्णय अडतो तो भारतातल्या सिमवर. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. माझं ठाम मत: भारतातलं सिम प्लास्टिकचं ठेवा आणि अमेरिकेचा नंबर ई-सिमवर घ्या. प्लास्टिकचं सिम एका फोनमधून काढून दुसऱ्यात घालता येतं. भारतीय ई-सिम मात्र फोन बदलला की सहसा नव्याने घ्यावं लागतं, त्यासाठी एसएमएस आणि पडताळणी लागते, आणि सिम बदलल्यावर सुरक्षेसाठी २४ तास एसएमएस बंद राहतात. हे सगळं साडेदहा तासांच्या फरकाने, परक्या नेटवर्कवरून निस्तरणं जिकिरीचं आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४ पासून सिमचा ट्रेच नाही. भारतातल्या आयफोनला तो आहे (आयफोन एअर सोडून). म्हणून आयफोनच घ्यायचा असेल तर पुण्यातून घेण्यात अर्थ आहे. त्यात अमेरिकेचं मिलीमीटर वेव्ह (फार वेगवान पण जवळच पोहोचणारं फाइव्ह-जी) नसेल, त्याने रोजच्या वापरात अडत नाही. घेताना मॉडेल क्रमांकासमोर बँड ७१ आहे का तेवढं ॲपलच्या पानावर बघून घ्या.

निघण्याआधी भारतीय नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. ते बंद असेल तर सिम तिथे नेटवर्कच पकडत नाही. कोणत्या रिचार्जवर परदेशात एसएमएस येत राहतात हे कंपनीकडून लेखी विचारा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने फक्त कॉल आणि एसएमएसचे, ३६५ दिवसांपर्यंतच्या मुदतीचे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलंय, तसा लांब मुदतीचा घ्या. यूपीआय आणि बँकेची ॲप्स ज्या फोनवर वापरणार त्यावर भारतात असतानाच जोडा. नंबर जोडताना ॲप फोनमधून गुपचूप एसएमएस पाठवतं, रोमिंगवर तो महाग पडतो आणि बरेचदा पोहोचतही नाही.

उतरल्यावर भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद. आयफोनवर सिम आपोआप बदलून डेटा वापरण्याचा एक पर्याय असतो, तोही बंद करा, नाहीतर अमेरिकेचं नेटवर्क क्षीण झालं की फोन भारतीय सिमवर उडी मारतो. आयमेसेज आणि फेसटाइममधून भारतीय नंबरची खूण काढा, कारण ते सुरू होताना आंतरराष्ट्रीय एसएमएस जातो. भारतातून आलेला कॉल उचललात तर मिनिटाला पैसे. कट करून व्हॉट्सॅपवर लावा.

तिथे जाऊन हप्त्यावर फोन घेण्याचा विचार पहिले काही महिने सोडून द्या. त्याला क्रेडिट इतिहास लागतो, बरेचदा सोशल सिक्युरिटी नंबर हा तिथला सरकारी ओळख क्रमांकही. शिवाय असा फोन त्या कंपनीला लॉक असतो आणि त्यात दुसरं सिम चालत नाही, भारतातलंसुद्धा. प्रीपेड प्लॅनला या अटी नसतात.

तेव्हा रिअलमी फेकू नका, पण त्यावर विसंबूनही राहू नका. आयएमईआय तपासल्यावर नकार आला, आणि तोच येण्याची शक्यता जास्त, तर पुण्यातून अनलॉक्ड आयफोन घ्या. बजेट कमी असेल तर तिथे पोहोचल्यावर अनलॉक्ड सॅमसंग किंवा पिक्सेल ९ घ्या. पिक्सेल १० च्या अमेरिकी मॉडेलला ट्रे नाही, तेवढं लक्षात ठेवा. रिअलमीत भारतातलं सिम आणि यूपीआय जसंच्या तसं राहू द्या, तो फक्त ओटीपीचा फोन. पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यातच बँकेत एखादा छोटा व्यवहार करून ओटीपी येतो का बघा. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर फक्त चपट्या पिनेचा अडॅप्टर पुरतो, दोन घ्या.