ग्राफीन ताणलं की उजेड पडतो का?

प्रश्न : मी बीएस्सीला आहे. मित्र म्हणतो ग्राफीन ताणलं की त्यातून प्रकाश येतो आणि जेवढं ताणू तसा रंग बदलतो. मग त्याचे एलईडी का बनत नाहीत? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या मित्राने दोन-तीन गोष्टींची खिचडी केलीय. ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकच थर. रंग बदलतो तो मोलिब्डेनम डायसल्फाइड या दुसऱ्याच पदार्थाच्या एका थराचा. त्याला बँडगॅप आहे (इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी एनर्जीची फट, प्रकाशाचा रंग तिच्यावरच ठरतो), साधारण 1.8 ते 1.9 इलेक्ट्रॉनव्होल्ट, ताणलं की तो कमी होतो आणि लाल प्रकाश आणखी इन्फ्रारेडकडे सरकतो, जास्त ताणलं तर चमकही मंदावते.

ग्राफीनमध्ये मुळात गॅपच नाही. लेझर मारून इलेक्ट्रॉन वर चढवला तरी तो प्रकाश टाकायच्या आधीच आपली एनर्जी बाकीच्या इलेक्ट्रॉनांना आणि जाळीच्या कंपनांना वाटून मोकळा होतो, पिकोसेकंदभरात खेळ खलास. मग ताणून गॅप पाडू म्हणाल तर थिअरीप्रमाणे एका दिशेने 20 टक्क्यांहून जास्त ताणावं लागतं, आणि 25 टक्क्यांच्या आसपास तर ते फाटतंच, म्हणजे हातात काय राहिलं?

पण सगळीकडे सारखं न ताणता वेडंवाकडं ताणलं तर मजा येते. 2010 साली अमेरिकेतल्या बर्कलीच्या ग्रुपने प्लॅटिनमवर वाढवलेल्या ग्राफीनला भाजलेल्या पापडासारखे आलेले फोड तपासले, फक्त काही नॅनोमीटरचे, तर आतले इलेक्ट्रॉन 300 टेस्लाहून मोठ्या चुंबकीय क्षेत्रात असल्यासारखे वागत होते! लॅबमधले सतत चालणारे सगळ्यात तगडे मॅग्नेट 45 टेस्लाच्या आसपास अडकतात. अशा फोडात एनर्जीच्या सुट्या सुट्या पायऱ्या पडतात आणि पायऱ्या असल्या की इलेक्ट्रॉन खाली यायला वेळ लावतो, म्हणून प्रकाशाची आशा इथे आहे, लेझरवाले लोक यामागे लागलेत ते उगाच नाही.

आता ग्राफीनचा डोळ्याला दिसणारा उजेड. 2015 मध्ये कोलंबिया विद्यापीठ आणि कोरियातल्या संशोधकांनी खाचेवर अधांतरी ताणून धरलेल्या पट्टीतून करंट सोडला, इलेक्ट्रॉन 2800 केल्विनच्या आसपास तापले आणि पट्टी चक्क लकाकली. पण हा साध्या बल्बसारखा तापण्याचा उजेड आहे. त्याचा रंगही बदलतो बरं का, खाचेच्या तळावरून परतलेला प्रकाश सरळ येणाऱ्यात मिसळतो म्हणून, म्हणजे खाच किती खोल त्यावर. मित्राने बहुतेक हेच कुठेतरी पाहिलं असावं.