चर्चचा निधी कुठे ठेवावा? खानदेशातल्या एका खजिनदाराचं उत्तर

प्रश्न: आमची मंडळी नवापूर तालुक्यात आहे. नवीन उपासना मंदिरासाठी १४ लाख रुपये जमले आहेत, बांधकामाला अजून तीन वर्षं तरी आहेत. पंच म्हणतात पतसंस्थेत व्याज जास्त मिळतं. एक सल्लागार ‘ईएसजी’ म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार बघून कंपन्या निवडणारा म्युच्युअल फंड सुचवतो. तरुण सभासद म्हणतात, देवाचा पैसा दारू-तंबाखूच्या कंपन्यांत जायला नको. विश्वासाला धरून गुंतवणूक कशी करावी?

उत्तर:

पतसंस्थेचा विषय या रविवारच्या उपासनेनंतरच बंद करून टाका. बाकीचं सावकाश ठरवता येईल.

मी धुळे जिल्ह्यातल्या एका लहान मंडळीची नऊ वर्षांपासून खजिनदार आहे. त्याआधी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. हे काम माझ्याकडे आलं तेच एका पतसंस्थेमुळे. बँकेत ९ टक्के मिळत होते तेव्हा तिथे १२ टक्के होते, चेअरमन ओळखीचे, माणूस घरी येऊन पावती देऊन जायचा. मंडळीचे २,४०,००० रुपये तिथे अडकले. पुढच्या सहा वर्षांत तुकड्यातुकड्यांनी निम्मे हातात आले. त्या पैशांत एका आजींनी हंगामाच्या सणाला पदराच्या गाठीत बांधून आणलेले ५०० रुपये होते. त्या दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जातात. त्यांना हे सांगायला मी आणि पाळकसाहेब गेलो होतो. त्या काहीच बोलल्या नाहीत, चहा ठेवला.

म्हणून माझा क्रम असा आहे: ज्यांनी दिलं त्यांचा पैसा बुडू न देणं ही पहिली सामाजिक जबाबदारी. पतसंस्थेच्या ठेवीला ठेव विमा नसतो. बँकेच्या ठेवीला असतो, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून तो एका ठेवीदाराला एका बँकेत व्याज धरून ५ लाख रुपयांपर्यंत आहे. हे पंचांपुढे नुसतं तोंडी सांगू नका, लिहून ठेवा.

आता कायद्याचं. हे कंटाळवाणं आहे, पण निम्मे वाद इथेच मिटतात. तुमची मंडळी स्वतः नोंदलेली ट्रस्ट आहे की मोठ्या मिशनच्या ट्रस्टखाली येते, ते आधी बघा. आपल्याकडच्या कित्येक मंडळ्यांना हे नीट माहीत नसतं, आणि खातं भलत्याच नावावर निघतं. ट्रस्टचा तातडीने न लागणारा पैसा कुठे ठेवायचा ते महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३५ मध्ये आहे. आयकराची वेगळी यादी आहे. १९६१ च्या कायद्यात ती कलम ११(५) मध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा तुमच्या सीएंना नवा आकडा विचारा. दोन्ही याद्यांत सहज बसते ती शेड्यूल्ड म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या बँकेतली ठेव आणि सरकारी रोखे. खाजगी कंपनीचे शेअर ट्रस्टच्या नावाने थेट घेतले तर करसवलतच धोक्यात येते. म्युच्युअल फंडाचं असं आहे की आयकराकडून चालतं, पण तेवढ्यावर जाऊ नका; कलम ३५ खाली चालतं का ते धर्मादाय कार्यालयातून लेखी घ्या. आणि तुमच्या चौदा लाखांत परदेशातून आलेली रक्कम असेल तर ती वेगळी काढा. परकीय देणग्यांच्या नियमांत म्युच्युअल फंड आणि शेअर हे सट्ट्यात धरलेत, त्या पैशाला तो रस्ता बंदच आहे.

शिवाय तुम्हाला पैसा तीन वर्षांत लागणार. बाजार पडलेला असताना स्लॅब थांबवून बसणार का? सल्लागाराचा फंड चांगला असेलही, पण बांधकाम निधीसाठी तो नाही. एवढंच त्याला सांगा.

तरुणांचं म्हणणं मात्र अगदी मनावर घ्या. ते बरोबर बोलत आहेत, आणि वाटतं त्याहून ते अवघड आहे. इंग्लंडच्या चर्चची गोष्ट सांगते. २०१३ साली तिथले आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी वोंगा नावाच्या, पगार होईपर्यंत भरमसाट व्याजाने उसने पैसे देणाऱ्या कंपनीविरुद्ध आवाज उठवला. चर्च तिथल्या पतसंघांना, म्हणजे सभासदांच्या क्रेडिट युनियनना, पाठबळ देऊन तिच्याशी स्पर्धा करील असं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी बाहेर आलं की चर्चच्याच निधीतले सुमारे ७५,००० पौंड एका मोठ्या सामायिक फंडातून फिरून त्या वोंगात पोचलेत. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पैसा दुसऱ्याच्या हातातून तिसऱ्याच्या हातात गेला की वाट दिसेनाशी होते. वेल्बींनी आपली पंचाईत झाल्याचं उघड कबूल केलं, आणि पुढच्या वर्षी चर्च त्यातून बाहेर पडलं.

आपल्याकडे ती वाट अशीच असते. निफ्टी ५०, म्हणजे शेअर बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या यादीचा, साधा इंडेक्स फंड घेतला की त्यात आयटीसी येते, म्हणजे सिगारेट आली. आयुर्विमा महामंडळ तर आयटीसीच्या मोठ्या भागधारकांपैकी एक. मंडळीतल्या निम्म्या घरांत त्यांची पॉलिसी असेल. पॉलिसी मोडा असं मी म्हणत नाही. ‘आमचा पैसा अगदी स्वच्छ’ असं व्यासपीठावरून बोलायच्या आधी हे माहीत असावं, इतकंच.

पण माझी खरी तक्रार दारू-तंबाखूच्या यादीबद्दल आहे. ही यादी करणं सोपं असतं, कारण दारू आणि तंबाखू आपण तसेही वाईटच मानतो. यादीत जे येत नाही त्याचं काय?

१९९३ साली गुजरातच्या सरदार सरोवर नर्मदा निगमाने नर्मदेवरच्या धरणासाठी रोखे काढले होते. आज ३,६०० रुपये भरा, वीस वर्षांनी १,११,००० घ्या. तेव्हा ही जाहिरात सगळीकडे होती. आमच्या मंडळीतल्या एका भावांनी मुलीच्या लग्नासाठी म्हणून तो रोखा घेतला, आणि मला आठवतं, मीही घेण्याच्या विचारात होते. त्यात दारू नव्हती, तंबाखू नव्हती, जुगार नव्हता. सरकारी कामाचा पैसा, वर पाण्याचं आणि विजेचं पुण्य. त्याच वर्षी पावसाळ्यात नर्मदेकाठच्या मणिबेली गावात त्या धरणाचं पाणी शिरत होतं. महाराष्ट्रातली ३३ गावं त्या धरणाच्या बुडितात होती. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, म्हणजे तेव्हाच्या आमच्याच धुळे जिल्ह्यातली; नंदुरबार जिल्हा १९९८ साली वेगळा झाला. मार्चमध्ये या धरणासाठीचं जागतिक बँकेचं उरलेलं कर्ज भारत सरकारने घ्यायचं थांबवलं होतं. पुढे त्या धरणाचं पाणी कच्छ-सौराष्ट्रात पोचलं, तिथल्या लोकांना ते मिळालं, हेही खरं आहे आणि ते लपवू नये. पण डोंगरातून उठून आलेली माणसं आमच्या बाजाराला यायची तेव्हा त्यांच्याशी बोलताना माझ्या मनात तो रोखा असायचा. शेजाऱ्याचं घर बुडवून वाढणारा पैसा मी मुलीसाठी घेणार होते, आणि तो वाईट आहे हे मला सांगणारी कोणतीही यादी नव्हती.

म्हणून आमच्या पंचकमिटीत मी यादीऐवजी एक प्रश्न ठेवला. या पैशाने जे उभं राहील त्याची किंमत कोण मोजणार, आणि तो माणूस आपल्याला उद्या बाजारात भेटला तर आपण त्याला हे सांगू शकू का? आमच्यातले एक वयस्कर पंच अहिराणीत म्हणाले, “आपला पैसा कोठे जास?” तेव्हापासून दर बैठकीत हेच विचारलं जातं.

आता तुमच्या हाताशी काय आहे ते सांगते. रिझर्व्ह बँकेने १ जून २०२३ पासून ‘हरित ठेवीं’साठी चौकट लागू केली आहे. बँक या नावाने ठेव घेणार असेल तर तो पैसा सौर-पवन ऊर्जा, स्वच्छ वाहतूक, पाणी आणि कचऱ्याचं व्यवस्थापन अशा ठरलेल्या कामांनाच द्यावा लागतो, आणि तो तसा दिला का हे दरवर्षी बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं. मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते वगळलेल्या कामांचं कलम. दारू, तंबाखू, शस्त्रं, जुगार, कोळसा-तेलासारखी इंधनं, अणुवीज हे सगळं बाहेर. आणि २५ मेगावॉटपेक्षा मोठे जलविद्युत प्रकल्पही बाहेर. ते वाक्य मी दोनदा वाचलं.

स्टेट बँकेने जानेवारी २०२४ मध्ये अशी ठेव सुरू केली, १,१११, १,७७७ आणि २,२२२ दिवसांच्या मुदतीची. त्यातली पहिली मुदत तुमच्या तीन वर्षांना जवळजवळ बरोबर बसते. इतरही काही बँकांकडे आहेत. व्याज साध्या ठेवीपेक्षा थोडं कमी मिळू शकतं. शाखेत जाऊन तीन गोष्टी विचारा: ट्रस्टच्या नावाने उघडता येते का, मुदतीआधी मोडली तर किती कापतात, आणि मागच्या वर्षीचा तपासणी अहवाल कुठे बघायला मिळेल. तिसरा प्रश्न ऐकून आमच्या शाखेतल्या साहेबांनी वर फोन लावला. खानदेशातल्या एका चर्चने विचारलं म्हणून कुणाला तरी तो अहवाल शोधावा लागला, हेही काम झालंच.

ही ठेव म्हणजे सगळं साधलं असं मात्र समजू नका. तुमचाच रुपया कुठे गेला हे बँक सांगत नाही, एकूण हिशेब सांगते. आणि हरित असलेलं सगळं आपोआप न्यायाचं होत नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे. वीज स्वच्छच, पण अशा प्रकल्पात जमीन कुणाची होती, कराराचा कागद त्याला वाचून दाखवला का, हे वेगळं विचारावं लागतं.

मोठ्या चर्चना आणखी रस्ते असतात. १९७१ साली अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चने जनरल मोटर्सचे शेअरधारक म्हणून ठराव मांडला की कंपनीने वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडावं. पुढे अशा भागधारकांच्या ठरावांची तिथे परंपराच पडली. जागतिक चर्च परिषदेच्या पुढाकारातून १९७५ साली नेदरलँड्समध्ये ओइकोक्रेडिट उभी राहिली, ती चर्चचा पैसा गरिबांच्या सहकारी संस्थांना आणि लघुकर्ज संस्थांना देते. आपल्या लहान ट्रस्टला कायद्याने ते जमत नाही. मंडळीनेच सभासदांना कर्ज द्यावं अशी सूचना तुमच्याकडेही कुणी करील, कारण ऊसतोडीच्या उचलीपायी लोक मुकादमाकडे कसे बांधले जातात ते आपण बघतो. माझं मन त्या बाजूला ओढतं. तरी बांधकाम निधीतून ते करू नका. देणाऱ्यांनी तो पैसा मंदिराला दिलाय, आणि विश्वस्तांच्या किंवा त्यांच्या नातलगांच्या हातात ट्रस्टचा पैसा गेला की करसवलतीचाही प्रश्न उभा राहतो. त्यासाठी बायकांचे बचत गट बँकेशी जोडून द्या. ते काम मंडळी करू शकते आणि त्याला एक रुपयाही गुंतवावा लागत नाही.

तुमच्या जागी मी असते तर १४ लाख चार बँकांत विभागले असते, प्रत्येकी पाच लाखांच्या आत, व्याजाला जागा ठेवून. त्यातला एक भाग हरित ठेवीत. आणि आधी सभासदांच्या सभेत एका पानाचा ठराव: पैसा कशासाठी, कुठे, किती मुदतीने, कोणत्या धंद्यांना नको, सह्या कुणाच्या, आणि दर सहा महिन्यांनी उपासनेनंतर हिशेब वाचून दाखवायचा. आमच्याकडे तो मराठीत आणि अहिराणीत वाचतात. तुमच्याकडे मावची किंवा तिथल्या आदिवासी कोकणीतही वाचावा, म्हणजे ज्यांनी दिलं त्यांना कळेल. त्या आजी आता पहिल्या रांगेत बसून हिशेब ऐकतात.

तुमची मंडळी कोणत्या ट्रस्टखाली आहे ते कळवलंत तर आमच्या ठरावाचा मजकूर तुमच्यासाठी बदलून इथेच लिहीन.