बीटी-सीटी नॉर्मल आहे, मग रक्त का थांबत नाही?

प्रश्न : मुलगी १४ वर्षांची आहे. पाळी आठ-नऊ दिवस चालते, रात्री उठून पॅड बदलावं लागतं. हिमोग्लोबिन ७ वर आलंय. बीटी-सीटी नॉर्मल आली, म्हणून ‘वयाचं आहे, होईल कमी’ असं सांगितलं. घरात कुणाला असा आजार नाही, माझीही पाळी अशीच जायची. – एक आई, सातारा

ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. ‘घरात आजार नाही’ आणि ‘माझीही अशीच जायची’ हे दोन्ही एकाच दमात लिहिलंय तुम्ही. जे आईलाही होतं ते घरात आजार म्हणून धरलंच जात नाही, आणि निदान तिथेच अडतं.

बीटी (टोचल्यावर रक्त थांबायला लागणारा वेळ) आणि सीटी (काढलेलं रक्त गोठायला लागणारा वेळ) यांवर विसंबू नका. सीटी लांबते ती एखादा फॅक्टर (रक्त गोठवणारं प्रथिन) जवळजवळ संपलेला असेल तेव्हाच. बीटी तर टोचणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. या दोन्ही नॉर्मल असूनही मुलीला वॉन विलेब्रँडचा आजार असू शकतो, म्हणजे प्लेटलेट्सना जखमेवर चिकटवणारं त्या नावाचं प्रथिन कमी किंवा सदोष असणं. प्लेटलेट्स मोजायला भरपूर पण कामाला कच्च्या, असंही असू शकतं. त्यामुळे आधी विचारायचं ते असं : कान टोचले तेव्हा किती वेळ रक्त आलं? घोळणा फुटला तर दहा मिनिटं नाक दाबूनही चालूच राहतो का? दाढ काढल्यावर परत दवाखाना गाठावा लागला का? न लागता अंगावर काळेनिळे डाग पडतात का? तुमच्या बाळंतपणात काय झालं होतं?

मग वॉन विलेब्रँड अँटिजेन (त्या प्रथिनाचं प्रमाण), त्याची कार्यक्षमता आणि फॅक्टर ८ या तीन तपासण्या एकत्र करा. वॉन विलेब्रँडची पातळी ३० टक्क्यांच्या खाली असेल तर निदान पक्कं. ३० ते ५० च्या मध्ये असेल आणि असा रक्तस्राव होत असेल, तरी आजार धरायचा. ओ गटाच्या लोकांत ही पातळी मुळातच सुमारे पाव हिश्शाने कमी असते. उलट ताप, गर्भारपण, मोठा रक्तस्राव, इतकंच काय, सुई पाहून पोरगी रडली-झगडली तरी ती वर जाते. म्हणून एकदा नॉर्मल आली की फाईल मिटवू नये. मुलगी शांत असताना, अंगात ताप नसताना पुन्हा करावी. एकदा बाहेरगावहून एक नमुना माझ्याकडे नळीसकट बर्फात घालून आला. पातळी अगदी तळाला. नव्याने रक्त घेतलं तर जवळपास नॉर्मल! आख्खं रक्त गार केलं की वॉन विलेब्रँड आणि फॅक्टर ८ खोटे कमी दिसतात. शक्य असेल तर जिथे तपासणी होते तिथेच जाऊन रक्त द्या.

फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रँड यांनी १९२६ मध्ये हा आजार मांडला तो आलांड बेटांवरच्या एका लहान मुलीवरून. ती पुढे तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीत गेली. तेव्हा हाताशी काही नव्हतं. आज रक्तस्राव कमी करणारी ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडची साधी गोळी आहे, इतर उपचार आहेत, लोह भरून काढता येतं. म्हणूनच ‘होईल कमी’ म्हणत वर्ष घालवू नका. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन देऊ नका. दुखलं तर पॅरासिटॅमॉल चालेल. आणि तुमचीही तपासणी करून घ्या.

प्रश्न : हर्नियाच्या ऑपरेशनआधी एपीटीटी ५२ सेकंद आली, पीटी नॉर्मल. आधी दोन दाढा काढल्या, काही त्रास झाला नाही. – वय ४६, नाशिक

एपीटीटी आणि पीटी या रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजणाऱ्या दोन तपासण्या; तुमची एपीटीटी लांबलेली आहे. आधी नळीचा विचार करा. निळ्या झाकणाच्या नळीत एक भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव्य) आणि नऊ भाग रक्त हे प्रमाण ठरलेलं असतं. नळी अर्धवट भरली की सायट्रेट जास्त होतं आणि आकडा उगाच लांबतो. म्हणून नवा नमुना, नळी खुणेपर्यंत भरलेली.

तरी लांबलीच तर मिक्सिंग स्टडी. तुमचा प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव भाग) निम्मा, निरोगी माणसाचा निम्मा. आकडा जागेवर आला तर एखादा फॅक्टर कमी आहे, नाही आला तर रक्तात काहीतरी त्याला अडवतंय. फॅक्टर १२ कमी असेल तर एपीटीटी लांबते पण रक्त जास्त जात नाही. सौम्य हिमोफिलिया (फॅक्टर ८ किंवा ९ जन्मतः थोडा कमी) मात्र कधी कधी मोठेपणी, पहिल्या ऑपरेशनलाच उघडा पडतो, म्हणून फॅक्टर ८, ९ आणि ११ मोजल्याशिवाय टेबलावर जाऊ नका. दाढांचा अनुभव दिलासा देणारा आहे. हर्निया अडकलेला नसेल तर थोडे दिवस थांबता येईल.

प्रश्न : भावाला तीव्र हिमोफिलिया ए आहे. माझा फॅक्टर ८ ऐंशी टक्के आला. म्हणजे मी वाहक नाही ना? – कोल्हापूर

हिमोफिलिया ए म्हणजे फॅक्टर ८ ची जन्मजात कमतरता. पण ऐंशीवरून तसं म्हणता येत नाही. वाहक स्त्रीची (जिच्याकडून हा दोष मुलांत जाऊ शकतो तिची) पातळी नॉर्मलही असू शकते; खात्री जनुक तपासणीनेच होते. सुरुवात भावापासून करायची. त्याच्या जनुकातला नेमका बिघाड सापडला की तुमच्यात तेवढाच शोधावा लागतो. तीव्र हिमोफिलिया ए मध्ये सुमारे ४० ते ४५ टक्के रुग्णांत जनुकाचा एक तुकडा उलटा बसलेला असतो, तो आधी पाहतात. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) संस्थेत हे काम वर्षानुवर्षं चालतं. हे लग्नाआधी किंवा दिवस जाण्याआधी करा. गर्भाची तपासणी साधारण ११ ते १३ आठवड्यांत होते, आणि अशा आजारासाठी कायद्याने, नोंदणीकृत केंद्रात, तिला परवानगी आहे.

प्रश्न : यजमानांच्या पायात गुठळी झाली. अ‍ॅसिट्रोम चालू आहे. प्रोटीन सी, एस दोन्ही कमी आले. मुलांना पण असेल का? – पुणे

या रिपोर्टवर मुलांची काळजी करू नका. प्रोटीन सी आणि एस ही रक्ताला जास्त गोठू न देणारी प्रथिनं व्हिटॅमिन केच्या आधाराने बनतात आणि अ‍ॅसिट्रोम (रक्त पातळ ठेवणारी गोळी) तेच अडवतं. गोळीवर असताना ते कमी येणारच. ताज्या गुठळीतही ते खर्ची पडतात, हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनने अँटिथ्रॉम्बिन हे तशाच कामाचं प्रथिन उतरतं, गर्भारपणात प्रोटीन एस घटतं. उपचार पूर्ण झाल्यावर, गोळी बंद होऊन किमान दोन आठवडे गेल्यावर पुन्हा मोजायचं. मात्र तपासणीसाठी म्हणून गोळी स्वतःहून थांबवू नका, ते जिवावर बेतू शकतं.

फॅक्टर ५ लायडन या गुठळ्यांकडे झुकवणाऱ्या दोषाची जनुक तपासणी गोळी चालू असतानाही करता येते, पण हा दोष युरोपात जास्त, आपल्याकडे विरळ. लॅबच्या पॅकेजमधल्या एमटीएचएफआर या जनुकाच्या तपासणीवर तर पैसे घालवूच नका. त्यावरून उपचारात काहीच बदलत नाही. रक्तात होमोसिस्टीन (एक अमिनो आम्ल) वाढलेलं असेल तर बी-१२ पाहा, विशेषतः घरात शाकाहार असेल तर.