‘बोर्ड उडालं’ म्हणणाऱ्या दुकानदाराला पैसे द्यायचे का?

प्रश्न : सेलूला (जि. परभणी) माझं फोटो-व्हिडिओचं काम आहे. कॉम्प्युटरमध्ये बी४५० मदरबोर्ड आणि रायझन ३ २२००जी प्रोसेसर होता, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एडिटिंग रखडायचं म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर बोर्डाचा फोटो पाठवून विचारलं, ‘यावर एडिटिंगसाठी कोणता चालेल?’ त्याने रायझन ५ ५६०० सुचवला, साडेदहा हजार घेतले आणि दुकानातच बसवला. डिस्प्ले आला नाही. जुना परत लावायला गेला, तर त्याच्या पिना वाकलेल्या. आता म्हणतो, बोर्ड उडालं. नवीन बोर्डाचे पैसे आणि बाराशे रुपये सर्व्हिस चार्ज द्या, तोवर कॅबिनेट मिळणार नाही. चिठ्ठीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलंय. याच्यावर ४२० लावता येईल का?

उत्तर : ४२० डोक्यातून काढा. ते कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालं आहे, पण फसवणुकीसाठी पहिल्यापासून बदनियत दाखवावी लागते ही अट जुनीच आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून दुकानदार लबाडापेक्षा अर्धवट माहितीचा वाटतो. पोलीस ठाण्यात ‘हे दिवाणी आहे’ एवढंच ऐकून परत याल.

आधी बोर्डाचं बघू. ते उडालं हे ठरवलं कोणी? रायझन ५ ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग, नसतं. २२००जी मध्ये होतं, म्हणून तुमचं मशीन कार्डाशिवाय चालायचं. म्हणजे सगळं ठणठणीत असतं तरी या प्रोसेसरवर, कार्ड नसताना, स्क्रीन काळीच राहिली असती. दुसरं, २२००जी च्या काळातल्या बी४५० बोर्डाचं बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं नसेल, तर ते ५००० मालिकेचा प्रोसेसर ओळखतच नाही. ते अपडेट जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच उरकून घ्यायचं असतं. यातलं काहीही बघितलं नसेल, तर ‘डिस्प्ले येत नाही म्हणून बोर्ड गेलं’ हा निव्वळ अंदाज आहे आणि त्याचं बिल तुमच्या नावावर फाडलं जातंय.

पिनांचंही तसंच. या सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो त्या खाचेत) पिना बोर्डावर नसतात, प्रोसेसरच्या पोटाला असतात. मधली पेस्ट वाळली की प्रोसेसरला थंड ठेवणारा हीटसिंक त्याला घट्ट चिकटतो. तो सरळ वर ओढला की प्रोसेसर धरून ठेवणारं लिव्हर लावलेलं असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपसून येतो. जाणते कारागीर मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट नरम करतात आणि हीटसिंक हलके फिरवून सोडवतात. चालत्या मशीनमधल्या प्रोसेसरच्या पिना दुकानात वाकल्या, तर त्या कशा वाकल्या हे दुकानदाराने सांगायचं.

आता कायदा. तुमच्या बाजूने सगळ्यात वजनदार कागद म्हणजे तो व्हॉट्सअ‍ॅप संदेश. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ प्रमाणे ग्राहकाने आपली गरज सांगितली आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, तर तो माल त्या कामाला योग्य असलाच पाहिजे. तुम्ही नुसतं ‘५६०० द्या’ म्हटलं असतं, तर नावाने मागितला म्हणून त्याला हात झटकता आले असते. तुम्ही बोर्ड दाखवून विचारलं, नाव त्याने सुचवलं. प्रोसेसर स्वतः निर्दोष असला तरी निवड त्याची आहे. चिठ्ठीवरच्या छापील ओळीने ही जबाबदारी पुसली जात नाही.

दुरुस्तीसाठी ताब्यात घेतलेली वस्तू स्वतःची असल्यासारखी सांभाळायची, असं भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम १५१ सांगतं. ती खराब झाली तर आपण पुरेशी काळजी घेतली होती हे ताबा घेणाऱ्याने दाखवायचं असतं. कॅबिनेट अडवण्यासाठी तो कलम १७० पुढे करेल. त्यात केलेल्या कामाच्या मजुरीसाठी वस्तू रोखता येते, पण काम ठरल्याप्रमाणे झालं असेल तरच. इथे ठरलेलं काम झालेलंच नाही, आणि नव्या बोर्डाच्या पैशांसाठी तर हा हक्क मुळीच नाही.

तरी माझा सल्ला थोडा व्यवहाराचा. लग्नसराईत लोकांचे फोटो त्या डिस्कमध्ये अडकले असतील, तर बाराशे रुपये ‘हरकत राखून’ असं पावतीवर लिहून भरा आणि मशीन सोडवा. बोर्डाचे पैसे देऊ नका. नवा-जुना दोन्ही प्रोसेसर मागून घ्या आणि पिनांचे जवळून फोटो काढा. पिना टाचणीने सरळ करायचा मोह आवरा. पुरावाही जाईल आणि एखादी पीनही तुटेल. मग परभणीत किंवा नांदेडला दुसऱ्या जाणकाराकडे त्या बोर्डावर चालणारा जुना, ग्राफिक्सवाला प्रोसेसर लावून बघा. डिस्प्ले आला की बोर्ड जिवंत. त्याचा व्हिडिओ करा आणि निदान लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी घ्या.

त्यानंतर स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस द्या : प्रोसेसरचे पैसे, जुन्या प्रोसेसरची किंमत, बाराशे रुपये आणि या काळात मशीन भाड्याने घेतलं असेल तर त्याचा पावतीसह खर्च. मानसिक त्रासाचे दोन-चार लाख लिहू नका, हसं होतं. दरम्यान राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवून ठेवा. काही दुकानदार तेवढ्यानेच नरमतात.

नाही नरमला तर परभणीचा जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे तारखेला गाडी धरून यायचं ते त्याने. वस्तू-सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्याने शुल्क नाही, तक्रार ऑनलाइनही भरता येते. मुदत दोन वर्षांची आहे, पण रेंगाळू नका. ‘मशीन धंद्यासाठी होतं, म्हणून हा ग्राहक नाही’ असं त्याचा वकील हमखास म्हणेल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारात वापरलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूत धरली जात नाही. हाताखाली एखाद-दुसरा मदतनीस असला तरी ग्राहकपण जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात स्पष्ट केलं आहे. तक्रारीत ‘उपजीविकेसाठी स्वतः चालवतो’ हे शब्द पहिल्याच परिच्छेदात यायला हवेत.

पक्कं बिल न देणं ही स्वतंत्रपणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेही तक्रारीत मांडा. चिठ्ठी, यूपीआयचा तपशील आणि पूर्ण संभाषण जपा, आणि मोबाइल बदलू नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. आयोग पुराव्याच्या काटेकोर नियमांनी बांधलेला नसतो, पण समोरच्याला तेवढी फटही कशाला ठेवायची.