१९७३ मधला एक बुधवार : ब्रिटिश टीव्हीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या नाटकाचा पहिला अंक लेस्टरमधल्या एका घरात घडतो. नोव्हेंबर १९७३ मधला बुधवार. दुपारी एकला सुरुवात, रात्री अकराला शेवट, आणि कोपऱ्यात टीव्ही सतत चालू. शेवटी राष्ट्रगीत वाजून प्रक्षेपण बंद होतं, असं संहितेत आहे. केव्हा काय चालू असावं?

उत्तर : आधी तारीख पक्की करा. १४ नोव्हेंबरचा बुधवार नको. त्या दिवशी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतून राजकन्या अ‍ॅन यांच्या लग्नाचं थेट प्रक्षेपण होतं. ती तारीख घेतलीत तर घरातल्या माणसांना दुसरा विषयच सुचणार नाही. २१ तारीख घ्या.

चॅनेल तीनच : बीबीसी १, बीबीसी २ आणि आयटीव्ही. चौथं चॅनेल आलं २ नोव्हेंबर १९८२ ला. आयटीव्ही म्हणजे एकच एक कंपनी नव्हे. प्रत्येक भागाची कंपनी वेगळी असे, आणि लेस्टरला दिसे ती मिडलंड्सची एटीव्ही. ‘थेम्स’चं चिन्ह दाखवलंत तर जाणकार प्रेक्षक लगेच म्हणेल, हे लंडन आहे.

एक वाजता बीबीसी १ वर ‘पेबल मिल अ‍ॅट वन’, बर्मिंगहॅममधल्या बीबीसीच्या इमारतीच्या प्रवेशदालनातून. दुपारचे असे कार्यक्रम तेव्हा नवेच होते. टीव्हीने दिवसाला किती तास चालावं यावर सरकारचं बंधन होतं, ते जानेवारी १९७२ मध्ये उठलं. त्यानंतर ऑक्टोबरात बीबीसीने हा कार्यक्रम आणि आयटीव्हीने आपल्या दुपारच्या मालिका सुरू केल्या. दीडच्या सुमारास आयटीव्हीवर ‘क्राउन कोर्ट’ लागे. एक खटला बुधवार, गुरुवार, शुक्रवार असा तीन भागांत चाले. वकील आणि आरोपी नट असत, ज्युरीत मात्र सामान्य माणसं बसत आणि निकाल तीच देत. म्हणजे बुधवारी खटला नुकता उभा राहिलेला असतो. तुमच्या पात्राला निकाल ऐकून दचकवायचं असेल तर अंक शुक्रवारी न्यावा लागेल.

चारनंतर मुलांची वेळ. बीबीसी १ वर ‘प्ले स्कूल’, मग ‘जॅकनोरी’ : कुणीतरी खुर्चीत बसून पंधरा मिनिटं गोष्ट सांगतं. ‘ब्लू पीटर’ लिहू नका, ते सोमवारी आणि गुरुवारी असे. सहाच्या आधी बातम्या, मग ‘नेशनवाइड’. लंडनच्या स्टुडिओतून सुरुवात होऊन मध्येच प्रत्येक भाग आपापल्या स्थानिक बातम्यांकडे वळे आणि परत येई. ही जोडाजोड दररोज थेट चाले, त्यामुळे एका शहराचं चित्र आणि दुसऱ्याचा आवाज असे घोळ होत. नाटकात विनोद हवा असेल तर हा खराखुरा आहे. एटीव्हीवर साडेसहाच्या सुमारास तिचीच मालिका ‘क्रॉसरोड्स’. साडेसातला ‘कोरोनेशन स्ट्रीट’, सोमवारी आणि बुधवारी. ती मँचेस्टरच्या ग्रॅनडा कंपनीची, म्हणून निवेदन एटीव्हीचं आणि लगेच पडद्यावर ग्रॅनडाचं चिन्ह. अर्ध्या तासाच्या मधोमध जाहिराती लागतात; चहाचं आधण तेव्हाच ठेवलं जाईल. जाहिरातीत सिगारेट नको, त्यांवर १९६५ पासून बंदी होती. पाइपची तंबाखू आणि सिगार चालतील.

नऊला बीबीसी १ च्या बातम्या, दहाला आयटीव्हीचं ‘न्यूज अ‍ॅट टेन’. त्यात दोन मथळ्यांच्या मध्ये बिग बेनचा एकेक टोल पडतो. रंगभूमीवर वेळ सांगण्याचं याहून स्वस्त साधन मिळणार नाही.

आता राष्ट्रगीत. नोव्हेंबरात अकराला ते वाजणार नाही, कारण बीबीसी १ मध्यरात्रीच्या आसपास बंद होई. पण १७ डिसेंबर १९७३ पासून वीज वाचवण्यासाठी सरकारने साडेदहालाच प्रक्षेपण थांबवण्याचा हुकूम काढला. नाताळात थोडे दिवस सूट होती, आणि ८ फेब्रुवारी १९७४ ला निवडणुकीमुळे हुकूम मागे घेतला गेला. तुमचा शेवट टिकवायचा असेल तर अंक जानेवारीत न्या आणि साडेदहाला पडदा पाडा. मला विचाराल तर नाटक तिथेच अधिक खुलेल : पुढचा महिनाभर देश कोळशाच्या टंचाईत, कारखाने आठवड्यातून तीन दिवस, आणि घरातला टीव्ही लवकर मुका. मात्र संच बीबीसी १ वर असू द्या. बीबीसी २ राष्ट्रगीत वाजवत नसे.

अशा घरात कृष्णधवल संच असण्याचाच संभव जास्त. परवाना कृष्णधवलला वर्षाला ७ पौंड, रंगीतला १२. बटण दाबल्यावर अर्धा मिनिट काहीच दिसू नये, कारण व्हॉल्व्ह (संचातल्या काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या) तापायला वेळ लागतो. आवाज आधी, चित्र नंतर. बंद केल्यावर चित्र आक्रसून मध्यभागी पांढरा ठिपका उरतो. रिमोट नाही, उठून बटण दाबायचं.

प्रश्न : ‘रेडिओ टाइम्स’चा १९७५ चा एक अंक माझ्याकडे आहे. त्यात आयटीव्हीची पानंच नाहीत. फाटली असतील का?

उत्तर : नाही, ती कधी छापलीच गेली नाहीत. ‘रेडिओ टाइम्स’ बीबीसीचं, ते फक्त स्वतःचे कार्यक्रम छापी. आयटीव्हीसाठी ‘टीव्ही टाइम्स’ वेगळं विकत घ्यावं लागे. ही मक्तेदारी १ मार्च १९९१ ला संपली. तुमच्या अंकाचा आठवडा शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतो, तेव्हा रविवार पहिल्या पानावर शोधू नका. मुखपृष्ठावर आवृत्तीचा प्रदेशही पाहा, कारण स्थानिक कार्यक्रम आवृत्तीगणिक बदलत. छापलेलं ते प्रत्यक्षात दाखवलं गेलंच, असं मात्र धरू नका. अंक बरेच दिवस आधी छापायला जाई. संप, मृत्यू किंवा लांबलेला सामना यांची त्याला कल्पना नसे.

प्रश्न : प्रदर्शनासाठी त्या काळातला ब्रिटिश रंगीत संच मिळाला आहे. मॉड्युलेटर (व्हिडिओचं चित्र अँटेनाच्या लहरींत बदलून जुन्या संचाला देणारी पेटी) लावून चित्र आणलं, पण आवाजाऐवजी नुसती खरखर. शिवाय टेस्ट कार्डवरून (जुळवणीसाठी प्रक्षेपित होणाऱ्या स्थिर चित्रावरून) पडदा कसा जुळवायचा?

उत्तर : खरखर मॉड्युलेटरची, संचाची नाही. ब्रिटनमध्ये चित्र आणि आवाज यांच्या वाहक लहरींत ६ मेगाहर्ट्‌झचं अंतर असे, युरोपातल्या बऱ्याच देशांत ५.५. तुमचा मॉड्युलेटर ५.५ वर असणार. काहींत बदलायची सोय असते. नसेल तर ‘पाल आय’ (ब्रिटनची रंगीत पद्धत) लिहिलेला घ्या, आणि तो यूएचएफ या लहरींच्या पट्ट्यावर चालणारा हवा. जुन्या दुहेरी संचावर (जुनी ४०५ रेषांची आणि नवी ६२५ रेषांची अशी दोन्ही चित्रं दाखवणाऱ्या) ४०५ आणि ६२५ चा खटका असतो, तो ६२५ वर असल्याची खात्री करा.

जुळवणीसाठी टेस्ट कार्ड एफ वापरा. फळ्यावर फुली-गोळा खेळणारी मुलगी आणि शेजारी कापडी विदूषक, ते हेच. १९६७ पासून दिवसातल्या रिकाम्या वेळात ते दाखवलं जाई. मधली मुलगी सुंदर दिसावी म्हणून नव्हे, त्वचेचा रंग बिघडलेला डोळ्याला पटकन कळतो म्हणून तिथे आहे.

संच वीस मिनिटं तापू द्या; थंड संचावर जुळवलेलं नंतर सरकतं. रंगाचं बटण पूर्ण कमी करा. वर्तुळाच्या डाव्या बाजूच्या करड्या पायऱ्या पाहा : सहाही वेगळ्या दिसेपर्यंत ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट आळीपाळीने फिरवा. खालच्या दोन पायऱ्या एक झाल्या तर ब्राइटनेस कमी पडतोय, वरच्या दोन एक झाल्या तर कॉन्ट्रास्ट जास्त आहे. मग फळ्यावरची फुली पडद्याच्या बरोबर मध्यावर आणि कडांवरच्या बाणांची टोकं चौकटीला टेकतील इतकी उंची-रुंदी ठेवा. वर्तुळ अंड्यासारखं दिसलं तर उंची आणि रुंदीचं प्रमाण चुकलंय. वरचा अर्धा भाग ताणलेला आणि खालचा दबलेला असेल तर जुळवायची ती उभी, म्हणजे वरपासून खालपर्यंत रेषांचं अंतर सारखं ठेवणारी, लिनिअ‍ॅरिटी. उजवीकडच्या उभ्या रेषांच्या पट्ट्या खाली जाताना बारीक होतात. शेवटच्या धूसर दिसल्या तरी चालेल, पण सगळ्याच पुसट असतील तर ट्यूनिंग नीट बसलेलं नाही. रंग सगळ्यात शेवटी, मुलीच्या चेहऱ्याकडे पाहत हळूहळू वाढवा.

पांढऱ्या रेषांच्या कडेला लाल-निळी झालर दिसली तर तीन रंगांचे किरण एकमेकांवर बसत नाहीत. ती जुळवणी संच उघडून करावी लागते, आणि ती स्वतः करू नका. रंगीत ट्यूबला वीसेक हजार व्होल्ट असतात, संच बंद केल्यावरही भार टिकतो, आणि या संचांची धातूची चासी (आतला सांगाडा) बहुधा थेट घरच्या विजेला जोडलेली असते.

प्रश्न : एका जुन्या फोटोत टीव्हीच्या मागे नाण्यांची पेटी दिसते. ती कशासाठी?

उत्तर : संच भाड्याचा आहे. विकत घेणं महाग आणि ट्यूब बिघडण्याची धास्ती, म्हणून ब्रिटनमध्ये भाड्याने घेण्याची रीत मोठी होती. ज्यांना दरमहा रक्कम भरणं जड जाई त्यांना पेटीवाला संच मिळे : नाणं टाका, ठरलेले तास पाहा. वसुलीवाला येऊन पेटी उघडी, भाडं कापून उरलेलं परत देई. नाणं मालिकेच्या मध्येच संपे, ही तक्रार कंपनीला सोडवता येण्यासारखी नव्हती.

प्रश्न : तेव्हा तिथल्या भारतीय कुटुंबांसाठी काही होतं का?

उत्तर : होतं, हिंदुस्थानी भाषेत. बीबीसीने १९६५ मध्ये ‘अपना ही घर समझिये’ सुरू केलं. १९६८ पासून १९८२ पर्यंत ‘नई ज़िंदगी नया जीवन’ चाललं, रविवारी सकाळी बीबीसी १ वर, बर्मिंगहॅमहून. महेंद्र कौल त्याचे ओळखीचे निवेदक. तेव्हा पहिल्या प्रश्नातल्या घरात हिंदी ऐकू यायला हवी असेल, तर बुधवार सोडून रविवार धरावा लागेल.